‘महिलांचा सहभाग’ मोजताना छेदात कोण असतं?



या वेळचा विषय माझ्या स्वतःच्याच एका चुकीपासून सुरू करते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी विभागात माझं प्रगती-सादरीकरण होतं. विषय होता बेरोजगार तरुणांसाठीच्या सरकारी प्रशिक्षण आणि रोजगार योजना. एका स्लाइडवर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं की एका योजनेत नाव नोंदवलेल्यांमध्ये मुलींचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, म्हणजे स्त्री-पुरुष दरी बुजत चालली आहे. आमच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “छेद काय आहे?”

मी म्हटलं, “एकूण नोंदणी.”

“मग दरी बुजली हे कुठून काढलंस? ज्यांनी नोंदणी केलीच नाही त्या मुली तुझ्या अपूर्णांकात आहेत कुठे?”

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करून आलेल्या मुलीला कोणीतरी छेद विचारावा, यापेक्षा जास्त लाज वाटण्यासारखं काय असणार! बी.एस्सी.ला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी टक्के यील्ड काढलेलं असतं. हातात आलेला पदार्थ भागिले जास्तीत जास्त किती मिळू शकला असता ते. तिथे छेद चुकवला तर सर वही परत करायचे. पण ‘महिलांचा सहभाग अमुक टक्के’ असं वाक्य सरकारी अहवालात, बातमीत, कधीकधी चांगल्या शोधनिबंधातसुद्धा छापून येतं आणि आपण ते जसंच्या तसं उचलतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते. रोजगार योजनांमधल्या महिलांच्या सहभागाचा आपण जो आकडा वापरतो, तो बहुतेक वेळा योजनेच्या दारात उभ्या असलेल्यांचा असतो. दारापर्यंत कोण पोहोचलं नाही आणि आत गेलेल्यांपैकी शेवटपर्यंत कोण टिकलं, या दोन्ही गोष्टी त्यात दिसत नाहीत. त्यामुळे तो आकडा खोटा नसला तरी आपल्या प्रश्नाचं उत्तर नसतो.

‘बेरोजगार’ म्हणजे नक्की कोण?

आधी व्याख्या बघू, कारण गडबड तिथूनच सुरू होते. आपल्याकडे रोजगाराचे अधिकृत आकडे मुख्यतः नियतकालिक श्रमशक्ती पाहणीतून, म्हणजे पीएलएफएसमधून येतात. २०१७ पासून ही पाहणी सुरू आहे. पाहणी करणारा घरी येतो आणि घरातल्या प्रत्येक माणसापुढे कामाच्या स्थितीचा एक कोड लिहितो. नियमित पगाराची नोकरी असेल तर ३१. रोजंदारी असेल तर ५१. घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावत असेल तर २१. काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तर ८१. शिकत असेल तर ९१. फक्त घरकाम करत असेल तर ९२, आणि घरकामाबरोबर सरपण-चारा आणणं, घरच्यापुरतं शिवणकाम वगैरे करत असेल तर ९३.

यातला ‘बेरोजगार’ म्हणजे फक्त ८१. ९१, ९२ आणि ९३ वाले श्रमशक्तीच्याच बाहेर. ते ना रोजगारात, ना बेरोजगारीत.

आता माझ्या मामेबहिणीचं उदाहरण घ्या. ती बी.ए. आहे, वय २६, तालुक्याच्या गावापासून चौदा किलोमीटरवर दिलेली, पदरात तीन वर्षांचा मुलगा. लग्नाआधी ती स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरत होती, तेव्हा ती सरळ ८१ होती. आज कोणी पाहणीला आलं आणि तिच्या सासऱ्यांना विचारलं, “सूनबाई काय करतात?” तर ते म्हणणार, “घरीच असते.” झालं, ९२. ती अजूनही रात्री मुलाला झोपवल्यावर मोबाईलवर जाहिराती बघते, हे सासऱ्यांना माहीत नाही आणि कोडलाही माहीत नाही. अशा पाहणीत घरातला एक माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तर देऊ शकतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या प्रश्नावलीत ‘उत्तर कोणी दिलं’ हा रकाना असलाच पाहिजे.

एकच आकडा, दोन छेद

आता थोडं गणित करू. २०२३-२४ च्या पीएलएफएसमध्ये १५ ते २९ वयोगटातल्या पुरुषांचा श्रमशक्ती सहभाग ६३.५ टक्के आहे आणि स्त्रियांचा २८.८ टक्के. याच वयोगटात बेरोजगारीचा दर पुरुषांमध्ये ९.८ आणि स्त्रियांमध्ये ११ टक्के आहे. नुसते हे शेवटचे दोन आकडे बघितले तर वाटतं, फरक फार नाही.

पण बेरोजगारीच्या दराचा छेद असतो श्रमशक्ती, एकूण लोकसंख्या नव्हे. म्हणून शंभर तरुण आणि शंभर तरुणी घ्या. तरुणांपैकी साधारण ६४ श्रमशक्तीत आणि त्यातले ६ बेरोजगार. तरुणींपैकी साधारण २९ श्रमशक्तीत आणि त्यातल्या ३ बेरोजगार. म्हणजे अधिकृत व्याख्येनुसार दर नऊ बेरोजगारांत फक्त तीन मुली, एक तृतीयांश.

आता दुसरा छेद घेऊ. शिक्षण नाही, नोकरी नाही, प्रशिक्षणही नाही अशा तरुणांसाठी इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नीट’ असा शब्द वापरतात. (डॉक्टरकीच्या परीक्षेशी याचा काही संबंध नाही, माझा स्वतःचाही सुरुवातीला गोंधळ झाला होता.) राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७८ व्या फेरीत, २०२०-२१ साली, १५ ते २९ वयोगटातल्या ५१.७ टक्के मुली या स्थितीत होत्या आणि मुलगे १५.४ टक्के. काळ कोविडचा होता हे खरं, पण दोघांमधली दरी केवळ कोविडने समजावून देता येण्यासारखी नाही. पुन्हा शंभर-शंभर घ्या. एकूण साधारण ६७ रिकामे, त्यात ५२ मुली. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त.

दोन्ही पाहण्या वेगळ्या आहेत, वर्षं वेगळी आहेत, आणि मुलं-मुली सारख्याच संख्येने आहेत असं मी सोपेपणासाठी धरलं आहे. म्हणून हे गणित ढोबळ समजा. पण दिशा बघा. समजा, एका योजनेत ४० टक्के मुली आहेत. (हा आकडा उदाहरणापुरता आहे.) पहिला छेद धरला तर बातमी अशी होईल : ‘बेरोजगारांत मुली एक तृतीयांश, पण योजनेत ४० टक्के. उत्तम कामगिरी!’ दुसरा छेद धरला तर तीच योजना गरज असलेल्या मुलींच्या जेमतेम निम्म्या प्रमाणात पोहोचलेली आहे.

आकडा तोच, योजना तीच. निष्कर्ष मात्र उलटा. कुठला छेद घ्यायचा हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही, आपण कोणाला मोजण्यालायक समजतो त्याचा आहे.

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत महिलांसाठी एक तृतीयांश वाटा ठेवलेला आहे. वरच्या पहिल्या गणितातही एक तृतीयांशच येतं. हा योगायोग असेल. पण कोटा पूर्ण झाला की आपण समाधानी होतो, तेव्हा नकळत ८१ कोडचाच छेद मान्य करतो, हे लक्षात असू द्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जी मुलगी मुळात बेरोजगार म्हणूनच मोजली गेली नाही, ती बेरोजगारांच्या योजनेत कमी दिसणारच.

“पण त्यांना काम हवंच कुठे असतं?”

सेमिनारमध्ये हा प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळू नये. ९२ कोडच्या सगळ्या बायकांना बाहेर काम करायचं असतं असं मुळीच नाही. काहींची ती निवड असते, आणि संशोधकाने ‘तुला खरं काय हवं ते मला कळतं’ असा आव आणू नये.

पण मग विचारून बघायला काय हरकत आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीने ते विचारलंही होतं. २०११-१२ च्या ६८ व्या फेरीत ९२ आणि ९३ कोडच्या बायकांना प्रश्न होता की घराच्या आवारात काम मिळालं तर कराल का. ग्रामीण भागात सुमारे एक तृतीयांश बायकांनी ‘हो’ म्हटलं, शहरात त्याहून थोड्या कमी. सर्वाधिक पसंती शिवणकामाला होती. म्हणजे ‘श्रमशक्तीच्या बाहेर’ या डब्यात काम हवं असलेल्या बायका मोठ्या संख्येने बसलेल्या आहेत. पण पाहणीत त्या ८१ म्हणून मोजल्या जात नाहीत.

काम नको असणं, आहे त्या अटींवर काम न परवडणं आणि काम आहे हेच न कळणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या आकडेवारीत तिन्ही एकाच कोडमध्ये पडतात.

तिसऱ्या गोष्टीचं एक छोटं उदाहरण. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. वय १८ ते ३५. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधर व पदव्युत्तरांना १० हजार विद्यावेतन, सुरुवातीला मुदत सहा महिने. योजनेत मुलगे-मुली दोघंही पात्र. पण त्याच सुमारास लाडकी बहीण योजना आलेली असल्यामुळे लोकांनी आणि माध्यमांनी हिला नाव ठेवलं ‘लाडका भाऊ’. मी मामेबहिणीला फोन करून म्हटलं, तू पदवीधर आहेस, बघ तरी. ती म्हणाली, “ते भावांचं आहे ना? आमचं पंधराशेचं वेगळं आहे.”

एका फोनवरून मी काही सिद्ध करत नाहीये. पण योजनेच्या शासन निर्णयात काय लिहिलंय आणि गावात ती कुठल्या नावाने ओळखली जाते, यातली तफावत हा चांगला संशोधन-प्रश्न आहे. बहिणीला घरी पैसे आणि भावाला काम, अशी वाटणी कोणी कागदावर केलेली नसतानाही मनात होऊ शकते. ती कुठल्याही डॅशबोर्डवर दिसत नाही.

दाराच्या आत : गळती कुठल्या पायरीवर?

आता आत गेलेल्यांकडे वळू. ‘सहभाग’ हा एक शब्द किमान सहा पायऱ्यांसाठी वापरला जातो : माहिती मिळणं, अर्ज करणं, निवड होणं, प्रत्यक्ष रुजू होणं, पूर्ण करणं, आणि त्यानंतर कमाई सुरू होऊन टिकणं. कुठल्याही अहवालात ‘सहभागी महिला’ असं वाचलं की पहिला प्रश्न हा विचारायचा : कितव्या पायरीवरच्या?

या पायऱ्यांमध्ये केवढं अंतर असू शकतं ते बघायचं असेल तर २०२४ च्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेची पहिली फेरी बघा. संधी होत्या सुमारे १ लाख २७ हजार. कंपन्यांनी देकार दिले ८२ हजारांहून जास्त. स्वीकारले गेले साधारण २८ हजार. प्रत्यक्ष रुजू झाले ८ हजार ७०० च्या आसपास. हे मुलगे-मुली मिळून आहे. तुम्ही ‘देकार’ या पायरीवर टक्केवारी काढलीत की ‘रुजू’ या पायरीवर, यावर तुमचा सगळा निबंध बदलेल. घरापासून लांबचं ठिकाण हे एक कारण त्या वेळी पुढे आलं होतं. जे अंतर मुलाला गैरसोयीचं वाटतं, ते मुलीच्या बाबतीत घरच्यांच्या परवानगीचा प्रश्न होतं, एवढं तर आपण सगळे जाणतो.

दीनदयाळ उपाध्याय योजनेच्या प्रशिक्षणार्थींवर सोलेदाद प्रिलमन, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अभ्यास केला. त्यात दिसलं की मुलींना नोकरीचा देकार मिळण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कमी होतं, आणि मिळालेला देकार स्वीकारण्याचंही. म्हणजे प्रशिक्षणाच्या पायरीवर शेजारी शेजारी बसलेले मुलगा आणि मुलगी पुढच्या दोन पायऱ्यांवर वेगळे झाले. नोंदणीवरच थांबलो असतो तर हे दिसलंच नसतं.

माझी मामेबहीण शेवटी तालुक्याला एका मोफत प्रशिक्षण वर्गाला जायला लागली. वर्ग सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. परतीची एसटी सव्वासहाची, घरी पोहोचायला सात. दीड महिना तिने ते निभावलं. मग मुलगा तापाने आठ दिवस आजारी पडला, आणि सासूबाई म्हणाल्या, “आता पुरे.” तिचं नाव नोंदणीत आहे, हजेरीपटावर आहे, बहुधा कुठल्यातरी टक्केवारीतही आहे. अंशात ती मोजली गेली. पुढचं कोणी विचारलं नाही.

तिच्या दिवसाचा हिशोबही आकड्यांत सापडतो. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी ३०५ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, म्हणजे पाच तासांहून जास्त. मुलं, आजारी माणसं यांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला साधारण १४० मिनिटं जातात, अशाच पुरुषांची ७४. यावर दहा ते पाचचा वर्ग आणि एसटीचा प्रवास ठेवा आणि चोवीस तासांत बसतंय का ते बघा.

नियमांत काय आहे, काय नाही

टीका करताना योजनेच्या बाजूचंही नीट वाचावं, नाहीतर आपली टीका फक्त चिडचिड ठरते. कौशल्य प्रशिक्षणासाठी केंद्राने २०१५ मध्ये जे समान निकष केले, त्यात अनिवासी प्रशिक्षणाला येणाऱ्या महिलांसाठी प्रवासखर्चाची तरतूद आहे. केंद्र जिल्ह्यातच असेल तर महिना १ हजार आणि जिल्ह्याबाहेर असेल तर दीड हजार रुपये. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकीट अर्धं आहे. विद्यावेतन थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धतही चांगली आहे. मध्य प्रदेशात मनरेगाच्या मजुरीवर एरिका फील्ड आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांचं स्वतःचं खातं उघडून, ते वापरायचं शिकवून मजुरी थेट त्यात टाकली, त्या पुढे मनरेगातही जास्त काम करू लागल्या आणि बाहेरही. पैसा कोणाच्या हातात पडतो, याने बाई कामाला बाहेर पडते की नाही हेसुद्धा बदलतं.

तेव्हा सरकारने काहीच केलं नाही असं लिहू नका, ते चूक आहे. पण या तरतुदी भाड्याच्या आहेत, आणि अडचण फक्त भाड्याची नाही. तिकीट अर्धं झालं म्हणून गाडी लवकर सुटत नाही, आणि मुलाला कोण सांभाळणार याचं उत्तर त्यात नाही.

यावर ठोस पुरावा आहे. पुष्कर मैत्रा आणि सुभा मणी यांनी दिल्लीतल्या गरीब वस्त्यांमध्ये बायकांच्या शिवणकाम प्रशिक्षणावर यादृच्छिक प्रयोग केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाने रोजगार आणि कमाई वाढली. पण ते पूर्ण करण्यात मोठे अडथळे कुठले होते? पैशाची चणचण, केंद्र जवळ नसणं आणि मुलं सांभाळायची सोय नसणं. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात अली चीमा, असीम ख्वाजा आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक प्रश्न विचारला : अडथळा किलोमीटरचा आहे की गावाच्या वेशीचा? ज्या गावात प्रशिक्षण केंद्र थेट गावातच दिलं, तिथे बायकांची नावनोंदणी चौपटीहून जास्त झाली. त्या फरकातला मोठा भाग निव्वळ अंतराचा नव्हता, गावाची वेस ओलांडावी लागण्याचा होता. बायकांना एकत्र नेणारी गाडी दिली तेव्हा फरक पडला.

आपल्याकडे तालुका हे एकक धरून ‘प्रत्येक तालुक्यात एक केंद्र’ असं नियोजन होतं. नकाशावर ते छान दिसतं. पण मामेबहिणीसाठी वेशीबाहेरचं पहिलं पाऊलच महाग आहे.

रोजगार हमीकडून काय शिकायचं, आणि काय नाही

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची वाट धरली, वि. स. पागे यांची ती कल्पना, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडायला, बंधाऱ्यावर माती टाकायला बायका मोठ्या संख्येने आल्या. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात महिलांसाठी किमान एक तृतीयांश वाटा ठेवला गेला, आणि प्रत्यक्षात देशपातळीवर त्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला. (महाराष्ट्रात तो देशाच्या सरासरीपेक्षा खाली राहिला.)

इथे कोटा मागे पडला, असं का? त्या कायद्यातल्या अटी वाचा. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत, त्यापलीकडे असेल तर दहा टक्के जादा मजुरी. स्त्री-पुरुषांना सारखा दर. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. अंमलबजावणी सगळीकडे झाली असं मी म्हणत नाही. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मूल कडेवर घेतलेली बाई होती. ‘युवा’ म्हटल्यावर मात्र आपल्या डोळ्यांसमोर पाठीवर सॅक घेतलेला, कुठेही जाऊ शकणारा मुलगा येतो.

इथे एक सावधगिरी. वाटा मोठा म्हणजे विजय, असंही समजू नका. पुरुषांना बाहेर जास्त मजुरी मिळते आणि हमीच्या कामाचा दर कमी असतो, म्हणूनही बायकांचा वाटा वाढू शकतो. टक्केवारी दोघांच्या संख्येवर ठरते. पुरुष निघून गेले तरी बायकांचे ‘टक्के’ वाढतात. म्हणून टक्क्यांबरोबर मूळ संख्या नेहमी बघा.

हाच धडा पूर्ण देशाच्या आकड्यांतही आहे. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. मोठी वाढ आहे. पण याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये घरच्या उद्योगात बिनपगारी मदतनीस असलेल्यांचा वाटा ३१.७ वरून ३६.७ टक्क्यांवर गेला. कोड ९२ मधून कोड २१ मध्ये आलेली बाई सहभागात मोजली जाते. हातात पैसा येतो की नाही, हे वेगळं बघावं लागतं.

मोजमापच ध्येय झालं की

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने एक नियम ओळखला जातो : एखादं मोजमाप ध्येय बनलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम घ्या. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान, आणि महिलांसह विशेष गटाला ३५ टक्के. स्वतःची गुंतवणूक सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. बाईला भांडवल मिळणं अवघड असतं, म्हणून ही सवलत योग्यच आहे. पण घरातल्या कोणाच्या नावावर अर्ज करायचा याचा हिशोब प्रत्येक कुटुंब करू शकतं. सरपंचपतीचा अनुभव असलेल्या राज्यात तरी आपण ‘नावावर’ आणि ‘ताब्यात’ यांतला फरक विसरू नये.

किती अर्ज असे असतात हे अनुमानाने लिहू नका, मोजा. ग्राहकाशी भाव कोण ठरवतं, बँकेत कोण जातं, नफ्याचा पैसा कुठल्या खात्यात पडतो, मशीन विकायचं ठरलं तर निर्णय कोणाचा, असे चार साधे प्रश्न पुरतात. आणि ते बाईला एकटीला विचारायचे, नवरा शेजारी बसलेला असताना नाही.

तुमच्या प्रस्तावासाठी

आता ज्यांना याच विषयावर लघुशोधप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायचा आहे, त्यांच्यासाठी माझ्या चुकांमधून निघालेली यादी.

१. सहभागाचा प्रत्येक आकडा अंश आणि छेद असा वेगळा लिहा. छेद सापडत नसेल तर तो आकडा मुख्य निष्कर्षासाठी वापरू नका.

२. किमान दोन छेद घेऊन बघा : अधिकृत बेरोजगार आणि शिक्षण-नोकरी-प्रशिक्षण यांच्या बाहेरचे सगळे. निष्कर्ष बदलत असेल तर तो बदल हाच तुमचा निष्कर्ष आहे.

३. पायऱ्या ठरवा आणि प्रत्येक पायरीवर मुलगे-मुली वेगळे मोजा. सगळ्यात जास्त फरक कुठे पडतो ते शोधा.

४. फक्त केंद्रावर जाऊन मुलाखती घेऊ नका. केंद्रावर भेटते ती टिकलेली मुलगी. तिला विचारून ‘अडचणी फारशा नाहीत’ असंच उत्तर येणार. हजेरीपटावरून मध्येच थांबलेल्यांची यादी मिळवा (परवानगी आणि गोपनीयता पाळून) आणि त्यांच्या घरी जा. आणि योजनेत कधीच न आलेल्या, पण पात्र असलेल्या मुलीही नमुन्यात घ्या. खर्च वाढतो, वेळ लागतो, पण त्याशिवाय अभ्यास अर्धा आहे.

५. ‘सोडण्याचं कारण : वैयक्तिक’ हा पर्याय प्रश्नावलीतून काढून टाका. त्या एका शब्दाखाली एसटीची वेळ, मुलाचं आजारपण, सासूबाईंचं ‘पुरे’ आणि केंद्रावर नसलेलं स्वच्छतागृह हे सगळं गाडलं जातं.

६. योजनेतल्या चांगल्या तरतुदी नोंदवा आणि त्या पोहोचल्या का ते तपासा. नियम नसणं आणि नियम असून न पोहोचणं, यांचे उपाय वेगळे आहेत.

पुढच्या सादरीकरणात मी ती स्लाइड बदलली. एका टक्केवारीच्या जागी सहा पायऱ्यांचा तक्ता टाकला आणि त्यातले दोन रकाने रिकामे ठेवले, कारण ती माहिती कोणी गोळाच केलेली नव्हती. मॅडम त्या रिकाम्या रकान्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा तुझा प्रबंध.”

दिवाळीत मामेबहीण भेटली तेव्हा तिला विचारलं, मी तुझ्याबद्दल लिहिलं तर चालेल का, नाव न घालता. ती म्हणाली, “लिही. पण मी सोडलं असं नको लिहू. वर्ग अकरा ते तीन असता आणि अंगणवाडीच्या बाजूला असता, तर मी आजही गेले असते.”

तिच्या या एका वाक्यात वेळ आहे, अंतर आहे, मुलाची सोय आहे. माझ्या पहिल्या स्लाइडवर यातलं काहीच नव्हतं.

पुढच्या लेखात पीएलएफएसचा मूळ विदा उतरवून घेऊन त्यात हे कोड कसे वाचायचे, ते पायरी-पायरीने बघू. तोवर तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या योजनेची बातमी काढा आणि त्यातल्या टक्क्यांखाली पेन्सिलीने छेद लिहायचा प्रयत्न करा.